एका हंगामाचे दोन आलेख

आरव्हीतला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, फ्रिज नीट चालायचा असेल तर गाडी सपाट उभी असावी लागते. थोडा जरी उतार असला तरी आतले अमोनियाचे द्रावण जिथे फिरायला हवे तिथे फिरत नाही, आणि दूध दुसऱ्या दिवशी नासते. सांता क्लाराच्या काकांनी गाडीच्या किल्ल्या देताना मला हे समजावून सांगितले आणि पुढे म्हणाले, "तू सायंटिस्ट आहेस, तुला कळेल. तुझ्या काकूला तीन वर्षं सांगतोय, ती म्हणते फ्रिजच बदला."

"फ्रिज नाही, गाडीच विका म्हणते मी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "यलोस्टोनला जाऊ, यलोस्टोनला जाऊ करून घेतली. एकदा निघालो, ते पण निम्म्या वाटेवर कॅन्सल केलं. तेव्हापासून ड्राइव्हवेत हत्तीसारखी उभी आहे. ने तू. तेवढीच फिरेल."

काका-काकू माझे कोणी लागत नव्हते. ते मूळचे पुण्याचे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेले. काका चिप बनवणाऱ्या एका कंपनीत वरिष्ठ इंजिनिअर होते. त्यांच्या मुलीला मी एका उन्हाळ्यात रसायनशास्त्र शिकवले होते. मी मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई. पहिल्या भेटीत काकूंनी माझे आडनाव विचारले. मी सांगितले. त्या एक क्षण थांबल्या आणि मग चहात साखर किती घालू, असे विचारले. त्या क्षणाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी मला इतके डबे भरून दिले, की तो क्षण मी विसंगत नोंद म्हणून बाजूला ठेवला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी कॅलिफोर्नियात आले होते. माझा विषय अडकलेले किण्वन हा होता. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते, हे सर्वांना माहीत आहे. कधी कधी मात्र साखर शिल्लक असतानाच यीस्ट काम थांबवते. का थांबवते, आणि ते पुन्हा कसे सुरू करावे, हे मला शोधायचे होते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात हे थोडेफार कळते. खरे कळायचे तर वायनरीतल्या मोठ्या टाक्या हव्यात, आणि द्राक्षे वर्षातून एकदाच येतात. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दहा आठवडे. ते हुकले तर संपूर्ण वर्ष हुकते.

सांता क्लाराच्या उत्तरेला तीन तासांवरच्या एका वायनरीने मला हंगामी कामावर घेतले आणि माझ्या प्रयोगासाठी तीन टाक्या दिल्या. त्या छोट्या गावात हंगामात खोली मिळणे अशक्य होते. म्हणून द्राक्षे दाबण्याच्या शेडमागे, पाण्याच्या नळाजवळ आणि विजेच्या खांबाजवळ, मी काकांची आरव्ही उभी केली. चारही चाकांखाली फळ्या सरकवून, पाणसळ लावून, ती अगदी सपाट केली.

माझे वडील विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते पंचशील म्हणत; त्यातले पाचवे शील मद्य वर्ज्य करण्याचे. चाळिशीत असताना वस्तीतल्या बायांना बरोबर घेऊन त्यांनी हातभट्ट्या फोडल्या होत्या. एकदा डोक्याला टाकेही पडले होते. अशा माणसाच्या मुलीने वाइनच्या कारखान्यात काम करणे ही साधी बातमी नव्हती. दुसरी एखादी मुलगी 'फळप्रक्रिया' असे काहीतरी सांगून मोकळी झाली असती. मी फोनवर सरळ सांगितले. 

"वाइन म्हणजे दारूच ना, माय?" बाबांनी विचारले. विदर्भात मुलीलाही लाडाने माय म्हणतात.

"हो बाबा."

"प्यावी लागते?"

"चाखावी लागते. चाखून थुंकायची. तिथं सगळेच थुंकतात."

"सगळेच थुंकतात, तर मग करता कायले वं इतकी?" मागून आई.

बाबा कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, "थुंकत राहा. पाचवं शील जिभेवर मोडत नाही, घशात मोडतं. वस्तीत मात्र मी यीस्टचं संशोधन म्हणूनच सांगीन. दारूबंदी मंडळाचा अध्यक्ष आहे मी अजून."

हे जूनमधले बोलणे. ऑगस्टच्या मध्यात बाबांना लघवीच्या मार्गाचा मोठा संसर्ग झाला. रक्तदाब त्यांना अनेक वर्षांपासून होताच. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा क्रिएटिनिन चार पूर्णांक दोन निघाले. निरोगी माणसाचे एकाच्या आसपास असते. मूत्रपिंडे जसजशी निकामी होतात तसतसा हा आकडा चढतो. डॉक्टर म्हणाले, यातले काही नुकसान जुने आहे, काही संसर्गाचे; संसर्गाचे भरून येऊ शकते; दर आठवड्याला रक्त तपासत राहा.

मी हंगाम सोडून घरी जायला निघाले होते. बाबांनी अडवले. तासभर आमचा वाद झाला, आणि आम्ही दोघेही शास्त्राची माणसे असल्यामुळे तो वाद एका कराराने मिटला. दर शुक्रवारी रक्ताची तपासणी. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला माझा फोन. तेव्हा घरी रविवारच्या सकाळचे सात वाजलेले असत. आकडा पाचाच्या वर गेला, तर मी त्याच दिवशी हंगाम सोडेन आणि विमानात बसेन. पाचाच्या खाली राहिला, तर काम पूर्ण करून नोव्हेंबरात येईन.

"लिहून घे," बाबा म्हणाले. "निकष आधी ठरवायचा."

मी लिहून घेतले. हा निकष मी फार विचार करून निवडला होता. त्याची नोंद वहीत तारखेसह आहे.

वायनरीतला दिवस सकाळी सहाला सुरू होई. रबरी बूट, पाण्याचे जाड पाइप, ट्रॉल्यांतून येणारी द्राक्षे, आणि टाकीच्या तोंडाशी वर तरंगून आलेला सालींचा जाड थर, जो दिवसातून तीनदा लांब दांड्याने खाली दाबावा लागे. पहिल्या आठवड्यात माझे दंड इतके दुखत की केसांत कंगवा फिरवता येत नसे. चिलटे सगळीकडे होती: शेडमध्ये, आरव्हीत, चहाच्या कपात, पांघरुणाच्या घडीत. काकूंच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला मी तीन पदरी फडके बांधून ठेवले होते, तरीही एक दिवस आत दोन निघाली. आंबलेल्या रसाचा वास कपड्यांत असा मुरला की आठवड्यातून एकदा किराणा दुकानात गेले की रांगेतली माणसे वळून पाहत.

वायनरीची मुख्य वाइनमेकर साठीची उंच, हाडकुळी बाई होती. ती मला 'डॉक्टर' म्हणे. "अजून झाले नाही," असे मी म्हटले की म्हणे, "मग अजून थोडे दाब, डॉक्टर." तिची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रत्येक टाकीतली साखर दिवसातून दोनदा तरंगत्या काचेच्या नळीने मोजायची आणि टाकीवर लटकवलेल्या कागदावर लिहायची. तो कागद नेहमी दुमडलेला असे. आधीचा आकडा दिसणार नाही अशी घडी घालूनच नवा लिहायचा. पहिल्याच दिवशी मी घडी उघडून आधीचा आकडा पाहिला, तेव्हा तिने माझ्या हातातून पेन काढून घेतले.

"काल काय होते ते माहीत असले, की डोळा आज काय असावे ते वाचतो," ती म्हणाली. "आधी लिहायचे. मग उघडायचे."

मला ही पद्धत फार आवडली. मी ती बाबांना सांगितली आणि त्यांनाही आवडली.

आरव्हीत, झोपायच्या फळीच्या वर, मी आलेखाचा एक मोठा कागद चिकटवला होता. त्यावर माझ्या टाक्यांतल्या साखरेच्या रेषा होत्या, निळ्या. एक टाकी संपली की रेषा संपे, दुसरी सुरू होई. त्याच कागदावर, त्याच आठवड्यांच्या अक्षावर, एक लाल रेषा होती. ती बाबांची. तिच्या वर, पाचाच्या पातळीवर, मी पट्टीने एक आडवी रेघ मारली होती.

फोन दीड मैलावर, चौकातल्या दुकानाबाहेर होता. शनिवारी काम आटोपून मी सायकलने जाई. पहिला आकडा चार. पुढच्या शनिवारी तीन पूर्णांक आठ. तिसऱ्या शनिवारी बाबा म्हणाले, "थोडा चढला. परत चार."

मी लगेच विचारले, "कशानं?"

"झुणका केला होता तुझ्या आईनं. दोनदा घेतला. प्रथिनं ना."

"दोनदा?" मागून आई. "चारदा घेतला! अन् वरून पोरीले दोनदा सांगतात. मास्तर अन् खोटं!"

"चारदा," बाबा म्हणाले. "दुरुस्ती नोंदवून घे."

मी हसले. त्या दिवशी सायकल चालवताना मला हलके वाटत होते. आकडा चढला होता, पण त्याला कारण होते, आणि कारण असलेल्या चढाला शास्त्रात घाबरायचे नसते. पुढच्या शनिवारी तीन पूर्णांक सहा, मग तीन पूर्णांक पाच. लाल रेषा हळूहळू, किंचित हेलकावत, खाली येत होती. आरव्हीच्या छोट्या खिडकीतून सकाळचा उजेड थेट त्या कागदावर पडे, आणि डोळे उघडले की मी आधी ती रेषा पाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझी तिसरी टाकी भरली. दहा दिवस ती उत्तम चालली आणि मग अडकली. साखर सहा अंशांवर येऊन थांबली ती थांबलीच. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, दुसऱ्या दिवशी सहा. वायनरीसाठी हे संकट होते. माझ्यासाठी, आज लिहायला लाज वाटते, ती संधी होती. याचसाठी मी आले होते. तरीही त्या शनिवारी मी बाबांना म्हणाले, "मी येऊन जाऊ का? एकच आठवडा."

"टाकीचं काय?"

"टाकी अडकली आहे."

"अन् तू येतेस? काहून?" त्यांच्या आवाजात धाप होती. "या आठवड्याचा आकडा तीन पूर्णांक तीन. तुझी मर्यादा किती होती?"

"पाच."

"मग? निकष आधी ठरवायचा अन् निकाल आल्यावर बदलायचा नाही. हे कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"बरं. आता टाकीचं सांग. तापमान किती होतं? नायट्रोजन मोजलं का?"

ते प्रश्न विचारत राहिले, मी उत्तरे देत राहिले. मध्येच मी विचारले, "बाबा, दम लागतोय का तुम्हाला?"

"अंगणातून धावत आलो फोनसाठी. पुढं सांग."

तो श्वास मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. तो धावत आलेल्या माणसाचा श्वास नव्हता, कारण धावून आलेल्याची धाप दोन मिनिटांत बसते आणि आम्ही पंधरा मिनिटे बोलत होतो. हे मला तेव्हाही समजले होते. पण माझ्याकडे आकडा होता. कानाने ऐकलेले मी निरीक्षण मानले नाही, कारण त्याला एकक नव्हते.

पुढच्या शनिवारी फोनवर फक्त आई होती. "विहारात गेले. रविवारची वंदना आहे ना. तीन पूर्णांक शून्य सांगून ठेवलं तुझ्यासाठी." त्याच्या पुढच्या शनिवारीही विहार. आईने आकडा सांगितला, एकेक शब्द तोडून, कागदावरून वाचावा तसा: "दोन. पूर्णांक. नऊ." मी म्हणाले, "बघ, तीनाच्या खाली आले!" आई म्हणाली, "हाव वं." मग विचारले, "जेवली का तू?"

त्या आठवड्यात मी टाकी पुन्हा सुरू करण्याच्या कामात बुडाले होते. अडकलेल्या टाकीत नवे यीस्ट नुसते ओतून चालत नाही. तिथल्या अल्कोहोलने ते तत्काळ मरते. आधी कोमट पाण्यात ते जागे करायचे, मग त्याच टाकीतली वाइन त्याला थोडी थोडी पाजायची, तिची सवय होऊ द्यायची, आणि मग टप्प्याटप्प्याने टाकीत सोडायचे. सहा दिवस लागले. बुधवारी सकाळी मी नळी बुडवली, आकडा लिहिला आणि मग घडी उघडली. सहाच्या खाली पाच पूर्णांक चार. टाकी चालू झाली होती. वाइनमेकरने माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की पेन खाली पडले.

कागद हातात घेऊनच मी शेडबाहेर आले. आरव्हीपाशी काकांची गाडी उभी होती. काका आणि काकू खाली उतरून उभे होते, बुधवारी, कामाच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता. काकूंच्या हातात एकही डबा नव्हता आणि पायांत घरातल्या सपाता होत्या.

"फ्रिज चालतोय ना?" काका म्हणाले.

"चालतोय."

"गाडी पातळीत आहे. छान लावलीयेस."

"अहो," काकू म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी माझा हात धरला, तो चिकट होता, द्राक्षांनी जांभळा झालेला. "काल संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला होता, बाळा. तुझे बाबा गेले. मंगळवारी, नागपूरला. हॉस्पिटलमध्ये होते."

अडीअडचणीला असावा म्हणून काकांचा नंबर मीच आईला दिला होता.

मी म्हणाले, "शक्य नाही. दोन पूर्णांक नऊ होते."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मी त्यांना आरव्हीत नेले आणि भिंतीवरचा आलेख दाखवला. लाल रेषेवर बोट ठेवून एकेक बिंदू दाखवला, तारखेसह. पाचाची रेघ दाखवली. काका इंजिनिअर होते. त्यांनी तो आलेख शेवटपर्यंत वाचला, मग चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड केले. काकू म्हणाल्या, "हो गं, हो. बरोबर आहे तुझं. बस जरा." आणि चहाचे आधण कुठे ठेवायचे ते शोधू लागल्या.

पाचव्या दिवशी मी घरी पोहोचले. तोवर सगळे आटोपले होते. माझी वाट पाहत थांबणे शक्य नव्हते, हे मला सर्वांनी त्याच त्या शब्दांत सांगितले.

आईने मला फाइल दिली. मी मागितली नव्हती. फाइलमध्ये प्रयोगशाळेचे छापील कागद होते: चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक नऊ, पाच पूर्णांक सहा. माझी मर्यादा तिसऱ्याच तपासणीत, सप्टेंबर उजाडण्याच्या सुमाराला, ओलांडली गेली होती. पुढे सात, आठ, शेवटी दहाच्या वर. नागपूरला पाच वेळा डायलिसिस. आणि छापील कागदांखाली बाबांची शाळेची वही. तिच्या एका पानावर, त्यांच्या सुबक अक्षरात, दोन रकाने आखले होते. एकाच्या डोक्यावर 'खरा', दुसऱ्याच्या डोक्यावर 'कळवायचा'.

दुसऱ्या रकान्यात तिसऱ्या फोनच्या आठवड्यापुढे आधी 'तीन पूर्णांक सात' लिहिले होते. ते खोडून 'चार' केले होते. शेजारी पेन्सिलीने लिहिले होते: 'सलग उतार नको. संशय येईल.'

बाबा प्रयोगाच्या वह्या तपासत तेव्हा लंबकाच्या प्रयोगाचे आकडे फार सुंदर आले, की त्या मुलाला उभे करत. म्हणत, "निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. कोणाची वही पाहिलीस?" मी त्याच वर्गात बसून ते ऐकले होते. खोटा आकडा त्याच्या नीटनेटकेपणावरून ओळखायचा, हे त्यांनीच मला शिकवले, आणि मग मला फसवण्यासाठी त्यांनी स्वतःचा धडा उलटा वापरला. त्या लाल रेषेतला तो एक छोटासा चढ नसता तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

माझी स्वतःची चूक त्याहून प्राथमिक होती. ज्या आकड्यावर निर्णय ठरणार, त्याची मर्यादा मी मोजणाऱ्यालाच आधी सांगून ठेवली. कुठल्याही प्रयोगात हे कोणी करत नाही. आणि मोजणारा कोण, तर ज्याला मी परत यायला नको होते तो. वाइनमेकरची कागद दुमडण्याची पद्धत मी कौतुकाने बाबांना समजावून सांगितली होती, आणि दर रविवारी सकाळी तेच बाबा दोन्ही रकाने समोर उघडे ठेवून माझ्याशी बोलत होते.

"झुणक्याचं तू काहून बोललीस?" मी आईला विचारले. आम्ही दोघीच होतो. मी जितक्या थंडपणे विचारायचे ठरवले होते तितक्या थंडपणे ते निघाले नाही. "तेही त्यांनी लिहून दिलं होतं?"

"नाही वं. झुणका त्यांनीच काढला. पुढचं मीच बोलली. त्यांचा आवाज कापत होता. तुले समजलं असतं." ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. "त्या आठवड्यात भाताची पेजही ठरत नव्हती त्यांच्या पोटात. मी म्हटलं, चारदा म्हणते. ऐकून हसले ते. फोन ठेवल्यावरही हसले."

"मला सांगायचं होतंस."

"सांगणार होती. दोनदा फोन हातात घेतला. ते म्हणाले, दहा आठवड्यांचं काम आहे पोरीचं, सहा झाले, चार राहिले. मग म्हणाले, तीन राहिले." थोड्या वेळाने ती म्हणाली, "डॉक्टरनं विचारलं होतं, मुलंबाळं किती म्हणून. जवळच्या नात्यातलं कोणी किडनी देऊ शकते म्हणाले. माझी जुळत नव्हती. तर हे म्हणाले, एक मुलगी आहे, ती परदेशात आहे, अन् तिचं नाव इथं काढायचं नाही."

विमानातल्या वीस तासांत मी स्वतःसाठी एक समजूत तयार केली होती: मी आले असते तरी निकाल बदलला नसता. आईच्या त्या तीन-चार वाक्यांनंतर ती माझ्याकडे राहिली नाही. आता मला माहीत नाही. माझे मूत्रपिंड जुळले असते की नाही, हे मी नंतर कधी तपासले नाही, आणि जी मी सगळे तपासते ती हे का तपासत नाही, हे मला कोणी विचारलेले नाही.

मला बाबांचा राग येतो. हे लिहायला हवे, कारण अशा लेखांत राग लिहीत नाहीत. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय त्यांनी माझ्या वतीने घेतला आणि तो मीच घेतला आहे असे मला दहा आठवडे वाटू दिले. त्यांचे प्रेम किती मोठे होते, हे मला येणारा जाणारा सांगतो. प्रेमाबद्दल माझी तक्रारच नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, मृत्यूनंतरच्या स्मरणविधीच्या, दिवशी अंगणात मांडव घातला होता. भन्तेजी आले, वंदना झाली, जेवणाच्या पंगती उठू लागल्या. बाबांचा एक जुना विद्यार्थी गडचिरोलीहून एसटीने आला होता. तो तिकडे आश्रमशाळेत शिक्षक होता. त्याला बातमीही उशिरा कळली होती. त्याने आईच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे वळला.

"ताई, तुम्ही अमेरिकेहून कधी आल्या? सरांची भेट झाली ना?"

मी तोंड उघडण्याआधी आई म्हणाली, "हाव तर. आठ दिवस होती जवळ. तिच्या हातचं पाणी पिऊन गेले."

ओसरीवर वस्तीतल्या सहा-सात बाया बसल्या होत्या. अंत्यविधीनंतर मला रिक्षातून उतरताना त्या सगळ्यांनी पाहिले होते.  एकीने पदर सारखा केला, दुसरीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने खिशातून एक छोटी डायरी काढली. "शेवटी काय म्हणाले सर? मी माझ्या पोरांना सांगीन."

मी आईकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"'शिकवत राहा' म्हणाले," मी म्हणाले. "'कोणी येवो न येवो, वर्ग वेळेवर उघडा.'"

तो लिहू लागला. ते वाक्य हवेत फारच नीट उभे होते, म्हणून मी थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि मग म्हणाले, तो पंखा बंद करा, थंडी वाजते."

तो त्यावर हसला, रडता रडता. "सरच," म्हणाला. "अगदी सर." आणि पंख्याचेही त्याने लिहून घेतले, आणि खाली तारीख घातली.